सहाव्या बोटाची जागा

माझं काम उंदरांच्या मिशांवर होतं. लग्नाच्या बोलणीत हे वाक्य माझ्या तोंडून निसटलं आणि बैठकीत थोडा वेळ कुणीच चहाच्या कपाला हात लावला नाही. "म्हणजे मेंदूचा अभ्यास," असं माझ्या वडिलांनी घाईघाईने सांगून टाकलं. मेंदू म्हटल्यावर सगळ्यांना जरा बरं वाटलं आणि विषय कांदेपोह्यांकडे वळला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी पीएच.डी. करत होते. तळमजल्यावर जनावरांची खोली होती. प्लास्टिकच्या पेट्या, त्यांत लाकडाचा भुसा, भुशात पांढरे उंदीर. त्या खोलीचा वास केसांत बसायचा आणि शिकेकाईनेही जायचा नाही. लग्नानंतर आम्ही बिबवेवाडीत नव्याने बांधलेल्या एका सोसायटीत घर घेतलं. नवरा बँकेत होता. वर्षभरात सासरे गेले आणि सासूबाई कसबा पेठेतल्या दोन खोल्या सोडून आमच्याकडे राहायला आल्या. दर संकष्टीला मात्र त्या बसने कसब्यात जाऊन गणपतीचं दर्शन घेऊन यायच्या. सून दिवसभर गणपतीच्या वाहनाचं काय करते, हे त्यांनी पहिले कित्येक महिने विचारलं नाही.

मग एका दुपारी, मटार सोलत बसलो असताना, त्यांनी विचारलं. मला तेव्हा सहावा महिना लागला होता.

"खरं खरं सांग. घाबरायची नाही मी."

मी सांगितलं. उंदराचं पिल्लू जन्माला येतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात, कानही बंद असतात. पण तोंडावर मिशांची मुळं मात्र ओळीने मांडलेली असतात, शेतात रोपं लावावीत तशी. उंदीर बराचसा मिशांनीच जग चाचपतो. आणि गंमत अशी की त्याच्या मेंदूत या मिशांचा नकाशा असतो. एका केसाला एक गोल जागा, त्याच ओळी, तोच क्रम. मेंदूच्या त्या भागाचा पातळ काप काढून रंगात बुडवला की भिंगाखाली ते गोल उभे राहतात. पुस्तकांत त्यांना पिंपं म्हणतात. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच जर एखाद्या केसाचं मूळ काढून टाकलं, तर मेंदूत त्याचं पिंप तयारच होत नाही. आजूबाजूची पिंपं सरकून ती जागा घेतात. मी हेच करत होते. पिल्लाला बर्फावर गार करून बधिर करायचं, एखाद-दुसरं मूळ काढायचं, पिल्लू आईजवळ परत ठेवायचं, आणि ते मोठं झालं की मेंदूत काय झालं ते बघायचं.

सासूबाईंचे हात थांबले होते.

"मोठं झाल्यावर त्या पिल्लाला वाटत असेल का गं, की आपलं इथे काहीतरी होतं आणि गेलं?"

"जागाच होत नाही, आई. ज्याची जागा नाही त्याची आठवण कुठे राहणार?"

"आणि मोठ्या उंदराचा केस काढला तर?"

"मग केस जातो, पण जागा राहते. एकदा मांडणी झाली की सहसा मोडत नाही."

"हं," म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली. त्यांनी त्यावर दुसरं काही विचारलं नाही. मला वाटलं, परीक्षेत पास झाले.

मुलगी झाली. नर्सिंग होममधल्या सिस्टरने तिला आधी पूर्ण गुंडाळून माझ्या कुशीत दिलं, "छान आहे हो मुलगी" म्हणाली, आणि मग जरा थांबून तिचा डावा हात दुपट्यातून बाहेर काढला. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला आणखी एक बोट होतं. बारीक, पण पुरं बोट. त्याला नखही होतं, तांदळाच्या कणीएवढं. मी माझं बोट तिच्या तळव्यात ठेवलं तशी तिने मूठ मिटली, आणि तेही बोट बाकीच्यांबरोबर वाकलं. दोन्ही गोष्टी मला एकदमच दिसल्या, म्हणून मला नुसती भीती वाटली असं म्हणता येणार नाही. मी रडले एवढं मात्र खरं.

संध्याकाळी नवऱ्याची आत्या बघायला आली. सासऱ्यांची ही धाकटी बहीण शब्द जपून वापरणारी नव्हती. मुलीचा हात उलटसुलट करून बघितला आणि खाटेवरच्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिवसभर उंदरांचे जीव घ्यायचे. गणपतीचं वाहन ते. कुठेतरी उमटायचंच."

"आत्या, काहीतरी काय बोलतेस!" नवरा म्हणाला. पण म्हणाला हळू आवाजात.

सासूबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला. मला ठाऊक होतं की असं बोट आईच्या कामामुळे येत नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगू शकला असता. पण बाळंतिणीला ठाऊक असणं आणि तिला वाटणं या निराळ्या गोष्टी आहेत. माझ्या डोळ्यांपुढे बर्फावर ठेवलेली गुलाबी पिल्लं येत राहिली.

बारशाला घर भरलं होतं. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटणं चाललं होतं. आत्या पाळण्याशी बसली होती. तिने झबल्याची बाही मागे सारून शेजारच्या बायकांना बोट दाखवलं.

"घोड्याच्या शेपटीचा केस आणा आणि करकचून बांधा," ती म्हणाली. "आठ दिवसांत वाळून गळून पडतं. पूर्वी असंच करायचे. आणि हिने त्या उंदरांचं सोडावं आता. एका बोटावर निभावलं म्हणायचं."

कुणीतरी मान डोलावली. कुणीतरी "तसंच असतं बाई" असं पुटपुटलं. मी दारात घुगऱ्यांची परात घेऊन उभी होते.

सासूबाईंनी हातातला नारळ खाली ठेवला. पदराने हात पुसले. मग त्या आत्याच्या समोर येऊन बसल्या आणि आपला डावा हात त्यांनी तिच्यापुढे धरला, तळवा आडवा करून. करंगळीच्या खाली, हाताच्या कडेला, गव्हाच्या दाण्याएवढा एक उंचवटा होता. मी तो रोज पाहत होते. चामखीळ समजत होते.

"हे बघा वन्सं," त्या म्हणाल्या. "पाचव्या दिवशी माझ्या आईने इथे केस बांधला होता. माझ्या आईने काही उंदीर मारले नव्हते, मीही मारले नाहीत. पोरीला हे माझ्याकडून आलंय. माझ्या सुनेला बोलायचं काम नाही."

घुगऱ्या घेणाऱ्या बायका तो हात बघायला पुढे सरकल्या. आत्या त्यांना चाळीस वर्षं ओळखत होती. नवरा आतून आला होता आणि आईच्या हाताकडे बघत उभा होता. त्याच हाताला धरून तो चालायला शिकला होता, आणि त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती?" आत्याने अखेर विचारलं.

"कुणी विचारलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या, आणि उठून नारळ फोडायला गेल्या.

पाहुणे गेल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. सासऱ्यांना तरी माहीत होतं का, असं विचारलं.

"नाही. मला तरी कुठे ठाऊक होतं? लग्न ठरलं तेव्हा आईने सांगितलं आणि वर बजावलं, कुणाजवळ बोललीस तर लग्न मोडेल. मग ते बोलायचं राहूनच गेलं."

"तिथे कधी काही वाटतं का तुम्हाला? दुखतं, खाजतं?"

त्यांनी तो उंचवटा अंगठ्याने दाबून पाहिला, जणू पहिल्यांदाच. "काहीच नाही गं. तू सांगितलंस ना, जागाच होत नाही म्हणून. मी तेव्हा म्हटलं, बरोबर आहे."

"मी उंदरांबद्दल सांगत होते, आई."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

मुलगी दोन महिन्यांची झाल्यावर तिला सदाशिव पेठेतल्या एका सर्जनकडे नेलं. वयस्क गृहस्थ होते. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरून पाहिला, मग ते बोट दाबून पाहिलं. "हाड आहे, सांधा आहे, रक्तवाहिनी आहे. केसाने-दोऱ्याने बांधायचे उद्योग कृपा करून करू नका. एक वर्षाची झाली की आणा, भूल देऊन व्यवस्थित काढू."

"आत्ताच काढलं तर बरं नाही का?" नवऱ्याने विचारलं.

"घाई आपल्याला असेल. तिला नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

रजा संपली आणि मी पुन्हा कामावर जाऊ लागले. पण आता एक नवीनच नाद लागला. काही उंदरांना जन्मतःच मिशीचा एखादा केस जास्त असतो, ओळींच्या बाहेर उगवलेला, हे मी वाचलेलं होतं. तोवर त्याचं मला काही वाटलं नव्हतं. आता मी प्रत्येक वेतातल्या प्रत्येक पिल्लाचं तोंड भिंगाखाली धरून बघू लागले. माझे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणत असू, ते एकदा मागे येऊन उभे राहिले. "काय शोधते आहेस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. माझ्या मुलीच्या हाताबद्दल त्यांना कळलं होतं. ते निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं स्वतःचं चांगलं भिंग माझ्या टेबलावर होतं.

कित्येक महिने काही मिळालं नाही. गणपतीचे दिवस आले. त्या दिवसांत आमच्याकडे कुणीच उंदरांवर प्रयोग करत नसे. तसा नियम कुणी केला नव्हता, सरांनाही देवाधर्माचं फारसं नव्हतं, पण कामं आपोआप पुढे ढकलली जात. विसर्जन झालं, आणि त्यानंतरच्या एका वेतात मला तो केस दिसला. डाव्या गालावर, दोन ओळींच्या मधे, एकटा. मी त्या पिल्लाला हातही लावला नाही. त्याला आईजवळ वाढू दिलं.

ते वाढल्यावर त्याच्या मेंदूचे काप काढले. रंग चढल्यावर स्लाइड भिंगाखाली धरली. नेहमीच्या ओळी होत्या, नेहमीचे गोल होते, आणि दोन ओळींच्या मधे, जिथे इतर उंदरांत काहीच नसतं, तिथे एक छोटा, गच्च, स्वतंत्र गोल होता.

मी सरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"पुन्हा मोज," म्हणाले.

"मोजलं, सर."

"हं." त्यांनी चष्मा काढला. "मेंदूला आधी कुणी सांगितलं नव्हतं, एक जास्त येणार आहे म्हणून. केस उगवला, त्याने मेंदूला कळवलं, मेंदूने जागा करून दिली."

"माणसातही असंच असेल?"

"माहीत नाही," सर म्हणाले. "आणि तुझ्या मुलीच्या मेंदूचे काप काही आपण काढणार नाही, तेव्हा या खोलीत तरी ते कळायचं नाही." मग त्यांना आपण काय बोललो ते जाणवलं असावं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी घरी आले तर मुलगी चटईवर बसून कुरमुरे वेचत होती. उजव्या हाताने अंगठा आणि पहिलं बोट जोडून. डाव्या हाताने मात्र तिने करंगळी आणि ते सहावं बोट यांच्या चिमटीत एक कुरमुरा पकडला, तोंडाशी नेला, आणि खाल्ला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी चप्पल न काढता तशीच उभी राहून बघत राहिले.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी घरात सांगितलं, बोट काढायचं नाही.

"लोक बोलतील," नवरा म्हणाला.

"बोलू देत," सासूबाई म्हणाल्या. "बोलून बोलून दमतात."

आम्ही त्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो नाही.

बोट तिच्याबरोबर वाढलं. थंडीसाठी सासूबाई तिला लोकरीचे हातमोजे विणत. डाव्या मोज्याला सहा बोटं. शाळेत मुलं तिला 'अकरा' म्हणत. बसमध्ये अनोळखी बायका तिचा हात हातात घेऊन भाग्याचं लक्षण म्हणायच्या, तर काही जणी आपल्या मुलांना जवळ ओढून घ्यायच्या. ती घरी येऊन यातलं थोडंच सांगायची. मला वाटायचं, तिने ते स्वीकारलं आहे. आपल्याला जे पाहिजे असतं ते आपल्याला सहज दिसतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका रविवारी जेवणाच्या टेबलावर ती म्हणाली, "मला हे बोट काढायचंय. मी डॉक्टरांना भेटून आले."

मी आधी कारण विचारलं. ती म्हणाली, "लोक आधी हात बघतात, मग मला. मला कंटाळा आलाय." मग मी बोलत सुटले. ते बोट चालतं, त्याला मेंदूत जागा आहे, आता इतक्या वर्षांनी काढलं तर ती जागा रिकामी राहील, तिचं काय होईल सांगता येत नाही. त्या स्लाइडबद्दल बोलले, त्या केसाबद्दल बोलले. लहानपणापासून तिने हे तुकड्या-तुकड्यांत शंभरदा ऐकलं असेल.

तिने ताट बाजूला सारलं. "आई, मी तुझा उंदीर नाहीये."

ती ओरडली नव्हती. नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"तिचा हात आहे," सासूबाई म्हणाल्या. तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या. "माझ्या वेळी मला कुणी विचारलं नाही. हिला विचारायला नको, तीच सांगते आहे. अजून काय हवं?"

ऑपरेशन छोटं होतं. दोन दिवसांत ती घरी आली. हाताला पांढरी पट्टी होती आणि ती खुशीत होती. मैत्रिणी येऊन गेल्या, पेढे झाले. आठवड्याभराने टाके निघाले. त्यानंतर एका सकाळी ती चहा घेताना अस्वस्थपणे हात झटकू लागली.

"काय होतंय?" मी विचारलं.

ती माझ्याशी बोलली नाही, आजीकडे वळली. "आजी, ते खाजतंय."

"टाके खाजतात गं, भरून येताना."

"टाके नाही. ते. बोट." तिचा चेहरा उतरला होता. "नाहीये तिथे खाजतंय. तुला असं व्हायचं का?"

"नाही गं राजा. माझं मला कळायच्या आत गेलं. तुझं तुझ्याबरोबर वाढलंय. त्याला वेळ लागणार." सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि नातीचा हात आपल्या मांडीवर घेतला. "कुठे खाजतंय, दाखव."

मुलीने उजव्या हाताने करंगळीच्या बाहेरची मोकळी हवा दाखवली. सासूबाईंनी चष्मा सारखा केला, आणि अगदी गंभीरपणे, त्या मोकळ्या जागी, आपल्या वाकड्या झालेल्या बोटाने हळूहळू खाजवायला सुरुवात केली.

"इथे?"

"थोडं वर."

"इथे?"

"हां," मुलगी म्हणाली. तिला हसू आलं, आणि मग हसता हसता ती रडायला लागली. सासूबाई थांबल्या नाहीत.

मी ओट्यापाशी उभी होते. एकीचं बोट पाचव्या दिवशी गेलं, एकीचं एकोणिसाव्या वर्षी, आणि दोघी माझ्यासमोर बसल्या होत्या. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना इतकी वर्षं शिकवत आले होते. ज्यांना जन्मतःच हात नाही अशांनाही कधी कधी तो हात जाणवतो, हेही मला ठाऊक होतं. माणूस उंदराइतका सरळ नसतो. त्या सकाळी मी यातलं काहीच बोलले नाही. दूध उतू चाललं होतं, ते खाली उतरवलं.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी सासूबाई कोमट पाण्याचं घमेलं घ्यायच्या, नातीचा हात त्यात धरायच्या आणि शेवटी त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवायच्या. कधी दोघी गप्पा मारायच्या, कधी नाही. मला त्यात जागा नव्हती आणि मी ती मागितलीही नाही. दोन वर्षांनी सासूबाई गेल्या, दुपारी झोपेत, कुणाला काही त्रास न देता. दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावरून परत येताना मुलगी रिक्षात डावा हात उजव्या हाताखाली दाबून बसली होती. खाजत असेल, असं मला वाटलं. मी विचारलं नाही.

तिला हिंजवडीकडे नोकरी लागली. जाण्या-येण्यात दिवस जायचा. एका संध्याकाळी ती उशिरा आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आई, गेलं वाटतं ते."

"काय गेलं?"

"बोट." तिने हात दिव्याखाली धरला होता. "आज ऑफिसात एकीने विचारलं, ही खूण कसली. सांगताना लक्षात आलं, कितीतरी दिवसांत काही जाणवलंच नाही. कधी गेलं तेही कळलं नाही."

"बरं झालं की," मी म्हणाले.

"हो, बरंच झालं." ती हाताकडे बघतच राहिली. "पण आजीला सांगायला हवं होतं."

मी हो म्हटलं. आम्ही दोघी जेवायला बसलो. थोड्या वेळाने तिने विचारलं, "शेजारची बोटं ती जागा घेत असतील का? तू सांगायचीस तसं?"

मोठेपणी किती घडतं ते नक्की माहीत नाही, पण थोडंफार घडत असावं, असं मी सांगितलं. "सांग ना नीट," ती म्हणाली. मग मी अगदी पहिल्यापासून सांगायला लागले. ती मधे मधे प्रश्न विचारत होती. पोळ्या गार झाल्या, आणि त्या परत गरम करायला आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.